परगावी ठेवलेले दफ्तर

सीमाभागातल्या माणसाला कागदाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी लिपीतले खरेदीखत आहे, आजोबांच्या नावचा मराठी सातबारा आहे आणि वडिलांच्या नावचा कन्नड उतारा आहे. जमीन तीच, बांध तोच, विहीर तीच. आमच्यापैकी कुणी तिथून एक पाऊलही हलले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो आणि मागोमाग कागदाची भाषा बदलली. पुढे महाजन आयोग झाला, २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची उजळणी करायला मी बसलेली नाही. या अंकाच्या वाचकांना तो तोंडपाठ आहे.

२००० सालच्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली राज्यातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकात घातले. योजना चांगलीच होती. तलाठ्याच्या मागे फिरणे वाचले, उतारा खिडकीवर मिळू लागला. पण आमच्या उताऱ्यावर वडिलांचे नाव निम्मेच उतरले होते. दत्तात्रयाचे दत्तू झाले होते. कचेरीतला कारकून माझ्या भावाला म्हणाला, “अण्णा, कॉम्प्युटरात हेच आहे. मी काय करू?” दुरुस्ती झाली, पण हेलपाटे घालता घालता अडीच वर्षे गेली. त्या दिवसांत मला एक प्रश्न पडला, तो अजून सुटलेला नाही. तीस वर्षे शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवताना राज्याची व्याख्या मी मुलांकडून घोटून घेतली: भूप्रदेश, लोकसंख्या, शासनसंस्था, सार्वभौमत्व. त्या व्याख्येत ‘नोंद’ हा शब्द कुठेच नव्हता. आणि इथे तर माणूस जमिनीवर उभा असून नोंदीत नसला, तर तो राज्याच्या लेखी नव्हताच!

हाच प्रश्न एका अख्ख्या देशाला पडलेला मला पुढे पाहायला मिळाला. माझी भाची काही वर्षांपासून एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनमध्ये, संगणकाच्या नोकरीत आहे. २०२४ च्या जून महिन्यात मी तिच्याकडे पाच आठवडे राहून आले.

* * *

एस्टोनिया बाल्टिक समुद्राच्या काठी, रशियाला अगदी खेटून आहे. लोकसंख्या सुमारे पावणेचौदा लाख, म्हणजे गोव्याहूनही थोडी कमी. आमच्या एकट्या बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर माणसे होती. हा देश १९१८ मध्ये स्वतंत्र झाला, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळला, मध्ये तीन वर्षे हिटलरच्या फौजांनी चिरडला, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत संघाकडे गेला आणि १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. मार्च १९४९ च्या काही दिवसांतच वीस हजारांहून अधिक माणसांना, त्यांत बायका-मुलेच जास्त, गाड्यांत कोंबून सैबेरियाकडे धाडण्यात आले. ज्याचे नाव यादीत, तो गाडीत. नोंद म्हणजे नुसता हक्क नव्हे, नोंद म्हणजे फासही असू शकतो, हे त्या लोकांइतके कोणाला ठाऊक असणार?

पण त्यांच्या इतिहासातली मला सर्वांत भावलेली गोष्ट एका कचेरीची आहे. देश गेला, सरकार गेले, पण न्यूयॉर्कमधली एस्टोनियाची वकिलात बंद झाली नाही. अमेरिकेने १९४० सालचे सामिलीकरण कधीच मान्य केले नाही, म्हणून ती चालू राहिली. अर्न्स्ट याकसन नावाचे गृहस्थ कोवळ्या वयात परराष्ट्र खात्यात लागले होते. १९६५ पासून ते त्या कचेरीचे प्रमुख झाले. नकाशात नसलेल्या देशाचे पासपोर्ट ते देत राहिले. शिक्का होता, वही होती, सही करणारा माणूस होता. १९९१ मध्ये देश परत आला तेव्हा हेच वृद्ध गृहस्थ त्याचे अमेरिकेतले राजदूत झाले. आपल्याकडे १६८९ मध्ये रायगडावर संकट आले तेव्हा राजाराम महाराज जिंजीला गेले आणि राज्य तिथून चालले, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! गादी दूर नेता येते. एस्टोनियाने शिक्का आणि वही दूर ठेवून राज्य जिवंत ठेवले. या अनुभवाचा त्यांनी पुढे काय उपयोग केला, ते सांगते.

* * *

स्वातंत्र्य आले तेव्हा तिजोरी रिकामी होती. जुन्या कचेऱ्या, जुन्या फायली, जुनी माणसे यांत पैसा घालण्याऐवजी त्यांनी संगणकाची वाट धरली. १९९६ मध्ये ‘वाघाची झेप’ नावाची मोहीम निघाली आणि शाळाशाळांतून संगणक व इंटरनेट पोहोचवण्याचे काम सुरू झाले. २००१ मध्ये निरनिराळ्या खात्यांची दफ्तरे एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था झाली. २००२ पासून प्रत्येकाला ओळखपत्र मिळू लागले, आणि त्यावरच्या चिपेने सही करता येऊ लागली. २००५ च्या स्थानिक निवडणुकांत त्यांनी इंटरनेटवरून मतदान घेतले. २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते अशी घरबसल्या पडली. माझी भाची तिथे कर भरते, औषधाची चिठ्ठी घेते, घरभाड्याच्या करारावर सही करते, ते सारे स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून. “मावशी, इथे मी कचेरीची पायरी चढलेली मला आठवत नाही,” असे ती म्हणाली, तेव्हा मला माझ्या भावाची अडीच वर्षे आठवली.

पण सगळे दफ्तर तारेवर टांगले की तार कापणाराही येतो. टालिनच्या मध्यवस्तीत सोव्हिएत सैनिकाचा एक ब्राँझचा पुतळा होता, १९४७ साली उभारलेला. देशातल्या रशियन भाषकांच्या लेखी तो हिटलरला हरवणाऱ्या बापजाद्यांचा पुतळा; एस्टोनियन भाषकांच्या लेखी तो १९४९ च्या गाड्या भरणाऱ्यांचा. पुतळा एकच, पण पाहणाऱ्याच्या घरातले गेलेले माणूस वेगळे. एप्रिल २००७ मध्ये सरकारने तो लष्करी स्मशानभूमीत हलवायचे ठरवले आणि दोन रात्री शहरात दंगल झाली. एक तरुण मेला, हजारावर लोक पकडले गेले.

त्याच दिवसांत दुसराच हल्ला सुरू झाला. संसद, मंत्रालये, वर्तमानपत्रे आणि बँका यांच्या संगणकांवर जगभरातून मागण्यांचा पूर लोटला. हे कसे होते, ते साध्या भाषेत सांगते. बाजाराच्या दिवशी टपालकचेरीच्या एकुलत्या खिडकीवर कुणी दहा हजार माणसे आणून उभी केली, आणि प्रत्येकाने फक्त ‘तिकीट केवढ्याला?’ एवढेच विचारून पुन्हा रांगेत शिरायचे असे ठरवले, तर खरोखर मनीऑर्डर करायला आलेल्या म्हातारीचा नंबर कधी लागेल? चोरी काही झाली नाही, कुलूप तुटले नाही, पण कचेरी बंद पडली. ती दहा हजार माणसे म्हणजे बहुतांशी निरनिराळ्या देशांतले असे संगणक, की ज्यांच्या मालकांना आपले यंत्र कुणाच्या ताब्यात गेले आहे याचा पत्ताच नसतो. सुमारे तीन आठवडे हे चालले. शेवटी बाहेरच्या जगातून येणारी वाहतूक अडवून त्यांना आपली बँक आपल्या लोकांपुरती चालू ठेवावी लागली.

बोट साहजिकच रशियाकडे दाखवले गेले. रशियाने इन्कार केला आणि तपासात मदत करायलाही नकार दिला. रशियन सरकारचा हात सिद्ध झाला नाही. पुढे शिक्षा झाली ती एस्टोनियातल्याच एका रशियन भाषक विद्यार्थ्याला, आणि तीही दंडाची. सीमेवर रणगाडे आले असते तर काय करायचे हे करारात लिहिलेले होते. एस्टोनिया २००४ पासून नाटो संघटनेचा सभासद होता. पण बँकेच्या खिडकीवर खोटी गर्दी होणे, हे आक्रमण की खोडसाळपणा? याचे उत्तर तेव्हा कुठल्याच करारात नव्हते. २००८ मध्ये टालिनमध्ये नाटोच्या मान्यतेने संगणकसुरक्षेचे अभ्यासकेंद्र निघाले आणि त्याच्या निमंत्रणावरून जमलेल्या कायदेपंडितांनी २०१३ मध्ये ‘टालिन मॅन्युअल’ सिद्ध केले. युद्धाचे जुने आंतरराष्ट्रीय कायदे या नव्या हल्ल्यांना कसे लागू पडतील, याचा तो ग्रंथ. तो पंडितांचे मत आहे, राष्ट्रांनी सही केलेला तह नव्हे. तरीही शहराच्या नावाने कायद्याचा ग्रंथ ओळखला जावा, एवढा तो मे महिना त्या शहराला लागला.

* * *

आता त्या परगावच्या दफ्तराविषयी. २०१७ मध्ये एस्टोनियाने लक्झेंबर्गशी एक करार केला. लक्झेंबर्गमधल्या एका संगणककेंद्रात एस्टोनियाने जागा घेतली आणि तिथे आपल्या मुख्य दफ्तरांच्या प्रती ठेवल्या: जमिनीची नोंद, जन्म-मृत्यूची व रहिवाशांची नोंद, कंपन्यांची नोंद, न्यायालयाचे कागद, कायद्यांचे राजपत्र. याला ते ‘डेटा दूतावास’ म्हणतात. वकिलातीच्या आवारात यजमान देशाच्या पोलिसालाही परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, हा नियम १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे. पण तो करार माणसांच्या वकिलातींसाठी. संगणकाच्या कपाटांना तसे संरक्षण देण्यासाठी या दोन देशांना वेगळा करार करावा लागला. त्या खोलीत राजदूत नाही, मेजवान्या नाहीत, झेंडावंदन नाही. थंड हवेत घुमणारी यंत्रे तेवढी आहेत.

यामागचा हिशेब भाचीने मला सोप्या शब्दांत सांगितला. “मावशी, समज, उद्या पुन्हा कुणी देशच ताब्यात घेतला, तरी कुठले घर कुणाचे, कोण नागरिक, कुठला कायदा खरा, हे त्याला बदलता येऊ नये.” मला याकसनसाहेबांची वही आठवली. पासपोर्टावर शिक्का मारणारा एक माणूस न्यूयॉर्कमध्ये जे करत होता, तेच आता यंत्रे करणार होती.

ही कुणाची हौस नव्हे, हे २०२२ मध्ये जगाला कळले. युक्रेनमध्ये सरकारी दफ्तर देशाबाहेर ठेवायला कायद्याने बंदी होती. २४ फेब्रुवारीला रशियाने आक्रमण केले, त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी तिथल्या संसदेने ती बंदी उठवली, आणि युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत महत्त्वाची दफ्तरे परदेशातल्या यंत्रांवर हलवण्यात आली. इमारती पडल्या, पण शेत कुणाचे आणि पेन्शन कुणाची याची नोंद पडली नाही. मात्र ही यंत्रे बहुतांशी बड्या खासगी कंपन्यांची होती. लक्झेंबर्गमध्ये कपाटांची किल्ली एस्टोनिया सरकारकडे आहे. भाड्याच्या जागेत ठेवलेल्या दफ्तराची किल्ली उद्या घरमालकाचे मन फिरले तर कुणाकडे राहील, हा प्रश्न युक्रेनपुरता नाही. आपल्यालाही तो केव्हातरी विचारावा लागेल.

* * *

भाचीने मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि खरे सांगायचे तर वाघाच्या झेपेपेक्षा मला तिचे मोल अधिक वाटले. तिने पडद्यावर आपले पान उघडले. तिची नोंद कोणत्या खात्याने, कोणत्या दिवशी पाहिली, याची तिथे यादी होती. दवाखान्याने पाहिली होती, कर खात्याने पाहिली होती. एखादी ओळ संशयास्पद वाटली तर खुलासा मागायचा. कामाशिवाय कुणी डोकावले असेल तर त्याच्यावर कारवाई होते. सरकार नागरिकाकडे पाहते, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. पाहणाऱ्याकडे नागरिकही पाहतो, हे मी प्रथमच पाहिले.

व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. २०१७ मध्ये चेक संशोधकांना त्या ओळखपत्रांच्या चिपेतच खोट सापडली. साडेसात लाखांच्या आसपास कार्डांना धोका होता. सरकारने ते दडपले नाही. पंतप्रधानांनी लोकांना सांगितले, कार्डांची सहीची सोय तात्पुरती थांबवली आणि नवी प्रमाणपत्रे दिली. सारा कारभार ज्या कार्डावर, त्याचीच खोट कबूल करायला धैर्य लागते.

आपल्याकडे आधारची पडताळणी केव्हा झाली हे आता स्वतःला पाहता येते, हे चांगलेच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभाही आहे. माझा उतारा, माझे रेशनकार्ड, माझी मतदारयादीतली ओळ कुणी आणि का उघडली, हे मला घरबसल्या कळेल असा दिवस अजून यायचा आहे. ज्या जिल्ह्यात माणसाची भाषा कोणती यावरून त्याचे माप काढले जाते, तिथे हा प्रश्न शहाण्यांच्या परिसंवादापुरता नसतो.

* * *

एका शनिवारी आम्ही रेल्वेने नार्वाला गेलो. टालिनपासून पूर्वेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, नदीकाठी वसलेले शहर. नदीच्या अलीकडे एक किल्ला, पलीकडे दुसरा. अलीकडे एस्टोनिया, पलीकडे रशियाचे इवानगोरोद. मध्ये पूल. दोन किल्ले इतके समोरासमोर, की एकावरून हाक मारली तर दुसऱ्यावर ऐकू जावी. शहरात बहुतेक सर्वांची भाषा रशियन. १९४४ च्या युद्धात जुने नार्वा बेचिराख झाले, जुन्या रहिवाशांना परतू दिले नाही आणि कारखान्यांसाठी रशियातून माणसे आणून वसवण्यात आली. ती माणसे कुणाची जमीन लाटायला आली नव्हती, नोकरी करायला आली होती. सोव्हिएत संघ मोडला आणि एका रात्रीत ती परदेशात राहू लागली. तीही एक पाऊल हलली नव्हती.

पुलावर वाहनांना बंदी होती. पिशव्या घेतलेल्या माणसांची पायी जाणाऱ्यांची रांग लागली होती. नुकतीच मे महिन्यात रशियाच्या पहारेकऱ्यांनी नदीतल्या सीमा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा रातोरात उचलून नेल्या होत्या. किल्ल्याजवळच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. भाचीच्या मैत्रिणीला रशियन येत होते, तिच्यामार्फत बोलणे झाले. त्याही निवृत्त शिक्षिका निघाल्या, गणिताच्या. त्यांची बहीण पलीकडे राहते. त्यांनी पर्समधून करड्या रंगाचा पासपोर्ट काढून दाखवला. १९९२ पासून सोव्हिएत काळात आलेल्यांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही. एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी लागे. ज्यांनी दिली नाही आणि रशियाचेही नागरिकत्व घेतले नाही, त्यांचा हा पासपोर्ट. १९९२ मध्ये अशी माणसे देशात सुमारे एक तृतीयांश होती, आता पाच टक्क्यांच्या आसपास उरली आहेत. “संगणकाला मी नीट ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “पेन्शन वेळेवर येते. औषध मिळते. पण मी कुणाची, हे त्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे लिहिले आहे.”

माझ्या आधार कार्डावर माझे नाव कन्नड आणि इंग्रजीत आहे, आणि माझ्या नागरिकत्वाबद्दल कधी कुणाला शंका आलेली नाही. तेव्हा त्यांची माझी तुलना करणे बरोबर होणार नाही. शिवाय आमच्या सीमेपलीकडे कुणी रणगाडे घेऊन उभे नाही. दोन्हीकडे आपलेच देशबांधव आहेत. तरी त्या पुढे जे म्हणाल्या ते मी शिक्षिका म्हणून ऐकले. सप्टेंबरपासून तिथल्या रशियन माध्यमाच्या शाळांत बालवाडी, पहिली आणि चौथीपासून एस्टोनियन भाषेतून शिकवणे सुरू व्हायचे होते. २०३० पर्यंत सर्व वर्ग तसे व्हायचे आहेत. “मुलांनी एस्टोनियन शिकलीच पाहिजे. मी शिकले नाही, त्याचे मी भोगते आहे. पण नात घरी आली की गणित माझ्याकडे आणणार नाही,” त्या म्हणाल्या.

आमच्या शाळेत मी लागले तेव्हा एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा एकीला पट भरत नव्हता. ते सारे कुणी बळजबरीने केले असेही म्हणवत नाही. निम्मे तरी आपणच इंग्रजी शाळांच्या दारात जाऊन केले. पण नातीने गणित आजीकडे आणू नये, याचे दुःख कुठल्या भाषेत वेगळे असते?

२०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने घटना दुरुस्त केली. रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मताधिकार काढला. करड्या पासपोर्टवाल्यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या निवडणुकीत शेवटचे मत देऊ दिले. युद्ध दाराशी आले असताना दुसऱ्या देशाच्या नागरिकांनी आपली नगरपालिका का निवडावी, हा त्यांचा प्रश्न मला समजतो. १९४९ च्या गाड्या ज्यांच्या घरावरून गेल्या, त्यांच्या भीतीला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. पण बाकावरच्या त्या बाई कुठल्याच देशाच्या नागरिक नाहीत. त्यांच्याकडून मत काढून घेतल्याने नदीपलीकडचा शत्रू दुबळा होतो, हे मला पटत नाही.

२००७ चा हल्ला बाहेरून आला असे आपण म्हणतो. पण तो आला एका पुतळ्याच्या निमित्ताने, आणि एकाच गावातले शेजारी त्या पुतळ्याकडे दोन नजरांनी पाहत होते म्हणून त्याला वाट मिळाली. त्या देशाने नंतर तारा मजबूत केल्या, कायदा लिहिला, दफ्तराची प्रत परदेशी ठेवली. २०२२ मध्ये नार्वातला सोव्हिएत रणगाडा हलवला तेव्हा पुन्हा तसेच संगणकी हल्ले झाले, २००७ नंतरचे सर्वांत मोठे. सामान्य माणसाला त्यांची झळ फारशी लागलीही नाही. यंत्रांचे काम यंत्रांनी चोख केले. नार्वाच्या बाकावरचे काम मात्र कुठल्याही यंत्राला करता येण्यासारखे नाही. त्या देशावर उद्या खरोखरच संकट आले, तर लक्झेंबर्गमधल्या कपाटात प्रत्येक घराचा मालक सुरक्षित असेल. पण त्या घरांतली माणसे एकमेकांच्या बाजूने उभी राहतील की नाही, हे त्या कपाटात लिहिलेले नसेल.

म्हणून सुरक्षिततेची चर्चा ऐकताना मी आता दोन गोष्टी पाहते. नोंद पाहणाऱ्याला नागरिक जाब विचारू शकतो का? आणि ज्याची भाषा सरकारची नाही, त्याचे नाव त्या नोंदीत पूर्ण लिहिले जाते का? पहिली गोष्ट एस्टोनियाकडून शिकण्यासारखी आहे. दुसरी त्यांनाही अजून शिकायची आहे, आणि आम्हा दोन भाषांच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना ती इतरांपेक्षा लवकर समजायला हरकत नसावी. कन्नड शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी येते तेव्हा तिच्यावर माझे नाव कन्नडात असते, आणि ते पूर्ण असते. कचेरीने एवढे केले तरी पुष्कळ झाले.